सतरा वर्षांचा आरोपी

आपल्या हॉस्टेलच्या फर्स्ट इयरमध्ये दरवर्षी काही मुलं अशी असतातच, ज्यांची अठरा वर्षं पूर्ण व्हायला अजून थोडे महिने बाकी असतात. सीनियर त्यांना 'बच्चा' म्हणतात ते गमतीत. कायदाही त्यांना बालकच म्हणतो, पण ते गमतीत नव्हे!

समजा, पावसाळ्यात खोपोलीच्या झेनिथ धबधब्यावर मारामारी झाली. पकडलेल्यांत एक जण एकोणीस वर्षांचा, दुसरा साडेसतरा. घटना एकच, पण वाटा दोन. मोठ्याला खालापूरच्या कोर्टात उभं करतील. (हेच भिवपुरीला घडलं तर कर्जतच्या.) धाकट्याची केस मात्र जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे जाते. दोघांचा खटला एकत्र चालवायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात स्पष्ट मनाई आहे. वय धरायचं ते घटनेच्या दिवसाचं, आणि त्याचा पहिला पुरावा म्हणजे शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला.

या मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात, त्यात किमान एक महिला हवीच. उंच व्यासपीठ नाही, आरोपीचा पिंजरा नाही. पोलिसांनी मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत आणि चोवीस तासांत मंडळापुढे हजर करायचं. जामीन हा इथे नियम आणि नकार हा अपवाद. बाहेर गेल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हरेल असं वाटलं तरच जामीन नाकारतात, आणि तेव्हाही पाठवतात निरीक्षणगृहात, तुरुंगात नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो सामाजिक तपास अहवाल. मोठ्यांच्या कोर्टाचा मुख्य प्रश्न असतो, 'याने केलं का?' इथे त्याच्या जोडीला 'हा इथवर आला कसा?' हेही विचारलं जातं. घर, शाळा, मित्र, व्यसन या सगळ्याची चौकशी होते. मग समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेख, आणि फार झालं तर विशेष गृहात तीन वर्षं. नाव छापायला बंदी असते.

'म्हणजे पोरं सुटतात की!' असं रूममेट म्हणाला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर सगळा देश हेच म्हणत होता. म्हणून नव्या कायद्यात तरतूद आली, की सोळा ते अठरा वयाच्या मुलाने किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा केला असेल, तर मंडळ त्याची समज आणि कुवत तपासून केस बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं, आणि तिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. फाशी मात्र तिथेही नाही.

पुण्यातल्या कल्याणीनगरचा १९ मे २०२४ चा अपघात आठवा. सतरा वर्षांचा मुलगा पोर्शे चालवत होता, आणि मेले ते दोन तरुण इंजिनियर. मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीसह. लोक खवळले. मग त्याला निरीक्षणगृहात धाडलं, पण २५ जून २०२४ ला मुंबई हायकोर्टाने ते बेकायदा ठरवून सोडायला सांगितलं. प्रौढ म्हणून खटला चालवायचा पोलिसांचा अर्जही जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळला. निबंधाची अट मलाही थट्टाच वाटते. पण लोकांच्या रागावर निरीक्षणगृहाचं दार उघडू नये, हे हायकोर्टाचं म्हणणं मला पटतं. उद्या त्या जागी कर्जतच्या एखाद्या वाडीतला पोरगा असेल, आणि त्याच्याकडे महागडा वकील नसेल.

आता हॉस्टेलच्या कामाची गोष्ट. ज्युनियरला बाईकची चावी देताना आधी त्याचं वय विचारा. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. चालवणाऱ्याला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तो सतरा वर्षांचा, म्हणून मंडळापुढे जाईल. तुम्ही एकोणीसचे, म्हणून खालापूरच्या कोर्टात.