नदी पात्रात, पाणी घरात

आपल्या भित्तिपत्रकाचा हा अंक पावसाळ्याचा आहे. बाई म्हणाल्या, पावसाच्या कविता पुष्कळ आल्या, आता कुणीतरी माहिती लिहा. म्हणून मी आमच्या घरात शिरलेल्या पाण्याची माहिती लिहीत आहे.

आमचे गाव पंचगंगेकाठी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त आहे असे आज्जी सांगते. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे चढते. त्याला आमच्याकडे फुग म्हणतात. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पाणी मोजतात. 39 फूट झाले की इशारा, 43 फूट झाले की धोका. 2019 आणि 2021 साली पाणी 50 फुटांच्याही वर गेले होते. 2021 ला मी लहान होते. म्हशी ट्रॉलीत चढवल्या तेवढे आठवते.

पण मी लिहिते आहे ते महापुराचे नाही. महापूर आला तर जनावरे घेऊन घर सोडूनच जावे लागते. गेल्या वर्षी आमच्या घरात पाणी आले तेव्हा नदी पात्रातच होती. रात्री आई उठली तर चपला सोप्यात तरंगत होत्या. वडिलांनी आधी मेन स्विच पाडला, कारण आमची बटणे खाली आहेत. ज्वारीचे पोते खालून भिजले. आज्जी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "नदी न्हाई, नाला न्हाई, मग हे आलं कुठनं?"

वडील म्हणाले, शेजारच्या काकांनी परड्याला भिंत घातली म्हणून पाणी तुंबले. काका म्हणाले, तुमच्या पत्र्याच्या पागोळ्यांनी आमची भिंत ओली होते त्याचे काय? दोघे बोलायचे बंद झाले. काकांची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसते. (तिने तिचे नाव लिहू नको म्हणून सांगितले आहे.) आम्ही दोघी शाळेत बोलायचो आणि घर जवळ आले की गप्प व्हायचो.

नंतर वर्गात पाऊस मोजायचा धडा झाला. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी 1 लीटर भरते. आमचा पत्रा 6 मीटर लांब व 5 मीटर रुंद, म्हणजे 30 चौरस मीटर. दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर 3000 लीटर. आमच्या दारातले बॅरल 200 लीटरचे आहे. म्हणजे 15 बॅरल! काकांचे घर तेवढेच, म्हणून 30. आणि दोन्ही पत्र्यांचा उतार मधल्या बोळात. बोळ एवढासा, की मी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. हा हिशेब आम्ही दोघींनी मिळून केला आणि दोघींनी आपापल्या घरी दाखवला.

दिवाळीला मामा आला. तो गवंडी आहे. त्याच्याकडे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असते. नळीची दोन टोके कुठेही धरा, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभे राहते. त्यावरून कुठली जागा उंच ते कळते. एक टोक मामाने रस्त्यावर धरले, एक मी उंबऱ्याशी. रस्ता उंबऱ्याहून चार बोटे उंच निघाला! आज्जी म्हणाली, ती लग्न होऊन आली तेव्हा रस्त्यावरून घरात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. मग मुरूम पडला, खडी पडली, डांबर, काँक्रीट. दर वेळी जुन्यावर नवे. रस्ता वाढत गेला आणि घर आहे तिथेच राहिले.

मग मामा परड्यात गेला. काकांच्या भिंतीला खाली पाणी जायला भोक ठेवलेले होते. अडले होते ते पुढे. तिथून ओढ्यापर्यंत जुना चर होता, तो विटांच्या तुकड्यांनी आणि मातीने बुजला होता. ते तुकडे आमच्या संडासाच्या बांधकामाचे होते. म्हणजे चर आम्हीच बुजवला होता. हे भित्तिपत्रकात लिहू का, असे मी वडिलांना विचारले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही. खरं हाय ते."

वडिलांनी आणि काकांनी उन्हाळ्यात चर उकरला. मामाने सांगितले, दहा फुटाला दीड इंच तरी उतार पाहिजे. दोन्ही पत्र्यांना पन्हळ लावली. उंबऱ्यापुढे वीतभर कट्टा घातला, आज्जीला तो ओलांडताना त्रास होतो.

न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा केला. मीटरभर लांब, रुंद, खोल. तळाला मोठे दगड, वर लहान, मध्ये भोके पाडलेले मडके. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले, तिथले डास कमी झाले. पण काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. आधी लहान खड्डा खणून त्यात पाणी ओतून बघावे. आमचा पहिला खड्डा दुसऱ्या दिवशीही भरलेलाच होता, मग मुरमाच्या बाजूला दुसरा खणला. पत्र्याचे पाणी यात सोडायचे नाही, नाहीतर तो एका पावसात भरतो. आणि ज्यांच्या न्हाणीचा पाइप सरळ ओढ्यात आहे त्यांनी लक्षात ठेवा, ओढा फुगला की पाणी पाइपातून उलटे घरात येते. तेव्हा भोकात फडक्याचा घट्ट बोळा घालून वर वाळूचे पोते ठेवावे.

यंदा जूनमध्ये रात्रभर पाऊस झाला. पहाटे मी कंदिलाएवढ्या उजेडाची बॅटरी घेऊन परड्यात गेले, तर भिंतीपलीकडे तीही बॅटरी घेऊन उभी. चर धो धो वाहत होता. सोपा कोरडा होता, फक्त रस्त्याकडून थोडे पाणी कट्ट्याला लागले होते. वडील आणि काका अजून फारसे बोलत नाहीत. पण चरात पाला अडकला की दोघेही खोरे घेऊन येतात.