एकच नदी, अनेक हात

वाचन : नहेम्या, अध्याय ३, यहेज्केल ३४:१७-१९

उत्तर कन्नड जिल्ह्यातील काळी नदी जोयडा तालुक्यात उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्रास मिळते. अणशी गाव ह्याच नदीच्या पाणलोट क्षेत्रात आहे. ज्या मुलखावर पडलेला पाऊस अखेर एकाच नदीत येतो, तो सारा मुलूख म्हणजे तिचे पाणलोट क्षेत्र.

ह्या एका नदीचे भागीदार किती पाहा! वरच्या डोंगरांत कुणबी शेतकरी आहेत. गणेशगुडीजवळ सुपा धरणावर वीज होते. दांडेलीत कागद गिरणी आहे, कैगा येथे अणुवीज केंद्र आहे आणि मुखाशी मासेमार आहेत. भोवतीचे जंगल २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प ह्या नावाने ओळखले जाते. प्रत्येकाची कचेरी वेगळी, नियम वेगळे. पाणी मात्र एकच. सुपा धरणात गावे बुडाली, तेथील कित्येक कुटुंबे रामनगरला वसली. दिवे दूरदूरच्या शहरांत लागले. तेव्हा नदी राखण्याचा भार कोणी किती उचलावा, हा न्यायाचा प्रश्न आहे.

यहेज्केल धष्टपुष्ट मेंढरांविषयी बोलतो. ती निर्मळ पाणी प्याली, ह्याबद्दल देवाची तक्रार नाही. उरलेले पाणी त्यांनी पायांनी गढूळ केले आणि दुबळ्या मेंढरांना तेच प्यावे लागले, ही तक्रार आहे. वरच्या काठाने खालच्या काठाची आठवण ठेवावी, हा ह्यातील बोध.

शेजारच्या म्हादईचे उदाहरण घ्या. ही नदी खानापूर तालुक्यातून गोव्यात जाते. तिच्या पाण्याच्या वादासाठी २०१० साली लवाद नेमला गेला. २०१८ साली त्याने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. तरीही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेलीच. निवाडा पाणी वाटून देतो. पण झरे जिवंत राहावेत म्हणून डोंगरावरचे रान कोण राखणार? ते काम शेजाऱ्यांनी मिळूनच करावे लागते.

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात असेच काम दिसते. याजक, सोनार, व्यापारी, सुगंधी द्रव्ये करणारे, शल्लूम आणि त्याच्या मुली, सारे यरुशलेमेचा कोट बांधतात. पुष्कळ जण आपापल्या घरासमोरचाच भाग दुरुस्त करतात. परंतु कोट एकच उभा राहतो. तकोवाच्या सरदारांनी मात्र मान वाकवली नाही, हेही तेथे नोंदले आहे. एकाने आपला भाग सोडला, तर शत्रू त्याच खिंडारातून सर्वांवर येतो.

आपल्या सह्याद्रीतही असे घडले आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये पश्चिम घाट बचाव पदयात्रेची एक तुकडी उत्तरेस नवापूरहून आणि दुसरी दक्षिणेस कन्याकुमारीहून निघाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये दोन्ही गोव्यात भेटल्या. भाषा आणि राज्ये वेगळी असलेल्या शंभराहून अधिक संस्था त्या कामी एकत्र आल्या होत्या. त्यांनी आधी पायी चालून डोंगर पाहिला, लोकांचे ऐकले, आणि मग मागणी केली. हा क्रम आपणही शिकावा.

मंडळीने काय करावे? प्रथम आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीस मिळतो, हे मुलांसह पाहावे. मग ग्रामपंचायत, शाळा, महिला मंडळ, वनखाते व मासेमार यांना एका बैठकीस बोलवावे. मंदिराचे आवार त्यासाठी खुले करावे. प्रत्येकाने आपल्या समोरचा भाग पत्करावा आणि पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब द्यावा. ज्यांचे सर्वांत अधिक गेले, त्यांना प्रथम बोलू द्यावे. त्यांच्यावाचून केलेला करार म्हणजे खिंडार ठेवून बांधलेला कोट होय.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या वापरानंतर पाणी कोणाकडे जाते?
२. आपल्या घरासमोरचा भाग कोणता?
३. आपल्या बैठकीत आज कोणाची जागा रिकामी आहे?