डावखुऱ्यांचा स्लाइस कसा सुधारायचा?

आपल्या जालन्याच्या विजय झोलने 2011 साली अंडर-19 कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद 451 काढले, तेही डाव्या हाताने! पण गोल्फचा ड्रायव्हर हातात घेतला की डावखुऱ्याची पंचाईत होते. बहुतेक सूचना उजव्यांसाठीच असतात, आणि वर सल्ला मिळतो, "हातच बदल ना!"

डावखुऱ्याचा स्लाइस म्हणजे बॉल डावीकडे वळत जाणं. स्विंगच्या दिशेच्या मानाने क्लबफेस उघडा राहिला, की स्पिनचा ॲक्सिस कलतो आणि मॅग्नस इफेक्ट बॉलला बाजूला ढकलतो. मग खेळणारा मुद्दाम उजवीकडे नेम धरतो. त्याने स्विंग आणखी आडवा येतो आणि स्लाइस वाढतो!

उपाय तीन:

1. ग्रिपवर दोन्ही हात थोडे डावीकडे फिरवा. उजव्या हाताचे दोन-तीन नकल्स दिसले पाहिजेत.

2. बॉल उजव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत ठेवा. खांदे टार्गेटच्या रेषेला समांतर हवेत.

3. बॉलच्या पलीकडे, जरा मागे, बुटाचा रिकामा खोका ठेवा. त्याला धक्का न लावता मारा, म्हणजे स्विंग आतून येईल.

फिल मिकेल्सन एरवी उजव्या हाताचा. लहानपणी वडिलांचा स्विंग आरशात बघावा तसा उचलला, डाव्यानेच खेळत राहिला आणि सहा मेजर जिंकला. तेव्हा डावखुऱ्यांनो, हात नको, सूचना उलट्या करा!