भाजल्याने पिठातले विष जात नाही

चक्कीतून उतरलेले पीठ चांगलेच गरम असते. ते तसेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधले की आतल्या वाफेचे पाणी होते, पिठाचे गोळे होतात आणि त्या ओलीवर बुरशी धरते. पाकीटबंद कणकेत ओलावा १४ टक्क्यांवर नसावा हा नियम त्यासाठीच आहे. पीठ स्वच्छ कापडावर पसरावे, पुरते निवल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. दळण नेण्यासाठी खताची रिकामी गोणी वापरू नये, मग ती कितीही धुतलेली असो.

पारनेर-पाथर्डीकडे बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट झाले की लोक धास्तावतात. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो आणि दळल्यावर तो लवकर खवट होतो. भाकरीची चव जाते, एवढेच. ती विषारी होत नाही. दळण थोडे थोडे आणावे.

खरी काळजी भगरीची. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात वरई, म्हणजेच भगर, पिकते. पण नवरात्रात दुकानातल्या पोत्यातून सुटे मिळणारे पीठ कधी दळले, कुठे ठेवले याचा पत्ता नसतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते. तिचे विष पोटात गेल्यावर काही तासांत मळमळ, उलट्या, चक्कर आणि हातपाय थरथरणे सुरू होते.

असे पीठ चाळून, उन्हात टाकून, खमंग भाजले की सुधारते, हा समज काही केल्या जात नाही. भाजल्याने बुरशी मरते, विष तसेच राहते. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. तो मका कोणी कच्चा खाल्ला नव्हता. पाथर्डीजवळच्या एका घरात चौथ्या माळेला कुबट पीठ भाजून भाकरी थापल्या गेल्या. रात्री सासू-सून दोघींना सलाईन लावावे लागले, तरी सासूबाईंचे एकच, “उपवासाचं अन्न कधी बाधतं का?” बाधते.

अशा वेळी मोबाईलवर वाचून लिंबू-सोडा देणे, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे, मेडिकलमधून जुलाब थांबवणारी गोळी आणणे म्हणजे हातची वेळ घालवणे. बहुतेक रुग्ण जलसंजीवनी आणि विश्रांतीने बरे होतात. मात्र थरथर, ग्लानी, न थांबणाऱ्या उलट्या किंवा सहा-आठ तास लघवी न होणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस आणि मधुमेही यांच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नये.

भगर तारीख पाहून बंद पाकिटातली, शक्यतो अख्खी घ्यावी. निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून लागेल तेवढीच दळावी. बाधलेल्या पिठाचा नमुना पाकिटासह अन्न व औषध प्रशासनासाठी ठेवावा. उरलेले पीठ गाईपुढेही टाकू नये, कारण बुरशीची काही विषे दुधात उतरतात.