दह्याचे डबे आणि कोलमडलेली रोपं

शंका : फेब्रुवारीच्या सुरुवातीला सात वर्षांच्या लेकीबरोबर अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टोमॅटो पेरले. छान उगवले, पण रोपं दोऱ्यासारखी लांबली आणि एका सकाळी आडवी पडली. ‘माझ्यामुळे मेली’ म्हणून ती रडतेय. काय चुकलं? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

समाधान : ताई, आधी लेकीची समजूत काढा; तिचा दोष नाही. रोपं लांबली ती उजेडाच्या शोधात. फेब्रुवारीतलं खिडकीतलं ऊन टोमॅटोला पुरत नाही. आडवी पडलेली रोपं जवळून बघा. मातीलगत देठ चिमटल्यासारखा बारीक, काळपट झालाय? मग ही बुरशी. आपल्याकडे रोपवाटिकावाले ‘रोपं कोलमडली’ म्हणतात, तेच. सतत ओली माती, गारवा आणि कोंडलेली हवा तिला फावते.

अंड्यांचं खोकं दिसायला गोड, कामाला बेताचं. खळग्यात माती चमचाभर, पुठ्ठा पाणी शोषतो, म्हणून आपण पुन्हा ओततो. त्यापेक्षा घरात साठलेले दह्याचे डबे काढा. बुडाला भोकं तुम्ही पाडा. अंगणातली माती नको, बी पेरायचं तयार मिश्रण लेकीला भरू द्या. पाणी वरून नको. ताटलीत ओतून त्यात डबा अर्धा तास ठेवा, उरलेलं फेकून द्या. उगवताच साधा एलईडी दिवा रोपांवर दोन-तीन इंचांवर, रोज १४ ते १६ तास. रोपं वाढतील तसा दिवा वर.

आणि घाई फार झाली. तुमच्याकडे टोमॅटो बाहेर जातो मेच्या मध्याला, तोही आधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ उन्हावाऱ्याची सवय लावून. त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात पेरा. वाण हवा असेल तर ‘रटगर्स’ घ्या. तुमच्या शेजारच्याच विद्यापीठाने १९३४ साली आणलेला. तोवर लेकीला मेथी पेरू द्या. रात्री वाटीत भिजवायची, सकाळी घटाभोवती पेरतो तशी दाट पसरायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचं रडू थांबेल.

शंका : एप्रिलमध्ये शिकागोला नातवंडांकडे जातेय. घरच्या दोडक्याचं बी पर्समधून न्यावं का? (एक आजी, पुणे)

समाधान : आजी, नेऊ नका. पेरणीच्या बियाण्याला तिथे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र किंवा अमेरिकी कृषी खात्याचा परवाना लागतो. न सांगता नेलं आणि सापडलं, तर बी जाईल, वर दंडही होऊ शकतो. दोडक्याचं बी तिथे विकत मिळतं. त्याच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही, म्हणून टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या जमवायला सांगा. एका टोकाला चार चिरा देऊन दुमडलं की बूड तयार. मेच्या सुरुवातीला पेरा, महिनाअखेरीस थंडी सरली की नळीसकट जमिनीत. पुठ्ठ्याचा काठ मात्र मातीवर राहू देऊ नका. तो वातीसारखा ओल ओढून घेतो.

शंका : मुलांनी दुकानातले धने पेरले, एकही उगवला नाही. (एक बाबा, डॅलस)

समाधान : मसाल्याचे धने जंतू मारायला कधी वाफवलेले असतात, ते उगवत नाहीत. पेरायचं पाकीट घ्या आणि धने पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा. एका धन्यात दोन बिया असतात. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं निघालं, तर ते औषध लावलेलं आहे. ते मुलांच्या हाती देऊ नका.