‘ईदर’च्या भरवशावर राहू नका

एफडीच्या पावतीवर ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ असलं की दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीवर पैसे हवे तेव्हा निघतात, असंच घरोघरी समजतात. माझ्या काकूही तेच धरून चालल्या होत्या. काका आयसीयूत, हॉस्पिटलात डिपॉझिट भरायचं, आणि एफडीची मुदत संपायला बराच अवकाश. बँकेत गेल्यावर कळलं, मोडायची तर दोघांच्या सह्या लागतील.

‘ईदर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही एक, हे खरंच. बचत खात्यात तो अर्थ रोज चालतो. एफडीत मात्र मुदत पुरी झाल्यावर. त्याआधी मोडायची असेल आणि दोघंही हयात असतील, तर बँक दोघांची संमती मागते. फॉर्मवर सह्या घेतानाच हे कुणी नीट सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

काका शुद्धीवर होते म्हणून निभावलं. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार हवेत, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. तो अधिकारी स्टँपपॅड घेऊन आयसीयूत आला. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायची रीत, पण त्या हाताला सलाइन होतं. मग उजवा घेतला आणि कागदावर तसं लिहिलं. काकू शेजारी काकांचं मनगट धरून उभ्या होत्या.

तुमच्या पावत्या आजच काढून बघा. सगळी पुंजी एकाच मोठ्या जोडपावतीत ठेवू नका. थोडी रक्कम जोड बचत खात्यात आणि एखादी पावती प्रत्येकाच्या एकट्याच्या नावावर असू द्या. जोडीदार गेल्यावरही मुदतीआधी पैसे लागू शकतात. त्यासाठी ‘एक गेल्यास दुसऱ्याला मुदतीआधी एफडी मोडू द्यावी’ असं दोघांनी मिळून बँकेला लेखी द्यावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या परिपत्रकाप्रमाणे ते एफडी ठेवताना किंवा नंतर मुदतीत केव्हाही देता येतं. हे काम दोघं धडधाकट असतानाच उरका.

मुलीचं नाव तिसरं घालणार असाल तर ‘ईदर’ पुरत नाही, तिथे ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ लिहायला सांगा. आणि नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. जोडखात्यात त्याचा हक्क सगळे खातेदार गेल्यावरच सुरू होतो. आयसीयूच्या दाराशी त्याचा काही उपयोग नाही.