आकाशातील अंतर आणि औषधाची वेळ

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील नातवंडे आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पांगली आहेत. सुट्टी संपवून नातवाला परत पोहोचविण्यास निघालेले आजी-आजोबा माझ्या दवाखान्यात हमखास विचारतात, "विमानाचा प्रवास किती तासांचा?" या साध्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर मात्र मिळत नाही.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सर्वांत जवळच्या मार्गाने सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात ही थेट सेवा अटलांटिकवरून सुरू केली, तेव्हा विमान सुमारे १३,९०० किलोमीटर उडून साधारण सोळा तासांनी पोहोचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर १५,३०० किलोमीटर झाले, पण वेळ साडेचौदा तासांवर आली! उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे पाठीशी मिळाल्याचा हा परिणाम. उलट, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडची उड्डाणे लांबली. काहींना इंधनासाठी वाटेत उतरावे लागले.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला काळजी वाटते ती तिकिटावरील घड्याळाची. समजा, उन्हाळ्यात विमान दिल्लीहून पहाटे चारला सुटले आणि सोळा तासांनी पोहोचले. तेथे त्याच तारखेची सकाळचे साडेसात ही वेळ असेल, कारण तेथील घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असते. तिकिटावर प्रवास साडेतीन तासांचा दिसतो. आकडीचे औषध सकाळी आठ व रात्री आठ असे घेणाऱ्या बालकाने आदल्या रात्रीची मात्रा ग्वाल्हेरहून दिल्लीला जाताना गाडीत घेतली आणि पुढची तेथील "सकाळी आठ" वाजता घेतली, तर दोन मात्रांत साडेचोवीस तासांचे अंतर पडते. मधली मात्रा बुडालेली कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यात जागरणाची भर. आकडी येण्यास एवढे निमित्त पुरते.

म्हणून मी आजोबांना एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवण्यास सांगतो. पहिली मात्रा विमानात, दुसरी उतरल्यावर लगेच. तेथील वेळेशी जुळवून घेणे नंतर, आपल्या डॉक्टरांना विचारून. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांचे वेळापत्रक तर निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. औषध आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी. सामानात टाकलेली बाटली विमानात काय कामाची?

तान्ह्या बाळाला विमान उतरू लागताच अंगावर पाजावे, म्हणजे कानाचे दडे सुटतात. झोपेसाठी सर्दीचे औषध पाजण्याची सूचना शेजारीपाजारी करतात. ती मानू नये. हृदय वा फुप्फुसाचा विकार असलेल्या बालकास तिकीट काढण्यापूर्वीच दाखवून घ्यावे, कारण विमानातील हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावरील हवेइतकी विरळ असू शकते.

आणि तासांची मोजणी ग्वाल्हेरच्या उंबरठ्यापासून करावी. दिल्लीपर्यंतची आगगाडी, विमानतळावरचे तीन तास, पलीकडची रांग हे सारे धरले की सोळाचे सहज पंचवीस होतात.